मधला पिवळा चौकोन

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज घरात चक्क आनंदाची बातमी आली, आणि ती बिघडवायची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली.

सकाळी जुन्या वाचनालयाचे सेक्रेटरी आले होते. त्यांची इमारत एक मार्चपासून पाडणार आहेत. त्याआधी आतले फोटो हवेत. कपाटं, जिना, वाचायची खोली, सगळं. मोबाईलवरचे नकोत, फिल्मवरचे हवेत, आणि माझ्या आत्यानेच काढलेले हवेत. आत्याने स्टुडिओ बंद केला त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ती घरात असते, पण कोपऱ्यात ठेवलेल्या छत्रीसारखी. आज ती "अठ्ठावीस तारखेला काढते" असं इतक्या जोरात म्हणाली की आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली, आवाज कोणाचा म्हणून.

मग कपाटातून कॅमेरा निघाला. बाकीचे सगळे तिने स्टुडिओबरोबर विकले, हा एकच ठेवला होता. माझ्या डबल वयाचा आहे. आत्याने बटण दाबलं, टक् आवाज आला, आणि आत काहीच उघडलं नाही. शटरच्या पात्या चिकटल्या आहेत. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, तीन महिने लागतील.

तेव्हा माझं तोंड उघडलं. "मी करते!"

बाबा म्हणाले, "मिक्सर पण तूच केला होतास ना? अजून तीन तुकड्यांत आहे."

आत्याने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "उघड. पण कुठला स्क्रू कुठून काढला ते रोज लिहून ठेवायचं. आणि मराठीत लिही, म्हणजे मला वाचता येईल. तुझं इंग्रजी अक्षर म्हणजे मुंग्या मेल्यासारखं असतं."

म्हणून ही डायरी. (आत्या, तू हे वाचत असशील तर बाकीचं वाचू नकोस.)

५ फेब्रुवारी, गुरुवार

लेन्सच्या पुढची रिंग निघाली! हाताने फिरत नव्हती, मग सिंकच्या रबरी बुचाने दाबून फिरवली. आधी पेन्सिलीने खूण केली, कारण आत्या म्हणते की काच परत त्याच जागी बसली नाही तर सगळं आयुष्य धूसर.

आत पाच पात्या, केसाएवढ्या जाड, आणि त्यांच्यावर जुनं तेल सुकून गोंद झालेलं. लायटरच्या पेट्रोलचा थेंब, कापसाची काडी, पुन्हा थेंब. चाळीस वेळा तरी. एक्केचाळिसाव्या वेळी पात्या हलल्या. मी इतकी ओरडले की बाबांना वाटलं मी भाजले.

स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवते. प्रत्येक खड्ड्याला नंबर.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज अर्धा दिवस एका स्क्रूमागे गेला. तिळाएवढा. चिमट्यातून उडाला. आत्या आणि मी दोघी जमिनीवर पालथ्या, हातात टॉर्च. पांढऱ्या फरशीवर काळा स्क्रू, तोही तिच्या अगदी नाकासमोर, आणि ती दुसरीकडेच चाचपत होती. मी उचलला आणि हसले.

"आत्या, अगं तुझ्यासमोरच होता!"

"मग बघायचं ना तू आधी," असं म्हणून उठून गेली. एवढं चिडण्यासारखं काय होतं? मला वाटतं तिला पण टेन्शन आलंय. तिच्यासाठी हे फोटो म्हणजे नुसते फोटो नाहीत. काल आईला सांगत होती, "हे नीट झाले तर लोकांना कळेल मी अजून आहे." मी दार लावून घेतलं होतं, तरी ऐकू आलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शटर चालतंय. सगळे स्पीड. चष्म्याच्या दुकानातल्या काकांकडून बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणलाय, त्याने काम सोपं झालं. ते काका चष्मे कमी विकतात आणि चौकशा जास्त करतात, पण माणूस भला आहे.

मी कॅमेरा आत्याला दिला. आता जरा समजावून लिहिते, म्हणजे पुढे मलाच कळेल. या कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघितलं की मधोमध एक फिकट पिवळा चौकोन दिसतो. त्या चौकोनात समोरची वस्तू दोनदा दिसते, एक खरी, एक तिचं भूत. लेन्सची रिंग फिरवली की भूत सरकतं, आणि दोन्ही एकमेकांवर बसली की फोकस बरोबर. बस, एवढंच.

आत्याने बघितलं. रिंग फिरवली. परत फिरवली.

"जुळत नाही."

"मला जुळतंय."

"तुला काय कळतंय! चौकोन धुरकट आहे. आणि ती दाराची चौकट बघ, मधेच वाकल्यासारखी दिसते. काच उलटी बसवलीस का?"

मी परत बघितलं. सरळ चौकट. स्वच्छ चौकोन. पण तिने अठ्ठावीस वर्षं याच खिडकीतून बघून पोट भरलं आहे (आमचंपण, बाबांची नोकरी गेली होती तेव्हा). मी कालपर्यंत मोबाईलवर बोटाने फोकस करणारी. कोणाचं खरं धरायचं, हा प्रश्नच नाही.

उद्या वरचं झाकण परत उघडते.

११ फेब्रुवारी, बुधवार

उघडलं. सगळ्या काचा पुसल्या. बंद केलं. आत्या म्हणाली, वाकडंच आहे. परत उघडलं. परत बंद. वाकडंच. इतक्या वेळा बघितलं की संध्याकाळपर्यंत मलाही सगळं वाकडं वाटायला लागलं, आई सुद्धा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आत्या म्हणाली, भांडत बसण्यापेक्षा रोल टाकून बघू. अर्धा रोल मी काढला, अर्धा तिने. गल्लीचं टोक, पाण्याची टाकी, आईचा हात, सायकलीचं चाक.

दुपारी बाथरूममध्ये रोल धुतला. अंधारात रोल रिळावर चढवताना तिचे हात बघायला मिळायला हवे होते, पण अंधारच असतो. नुसता आवाज ऐकला, सर्रर्र, एकदाही न अडखळता. मी करायला गेले असते तर फिल्मची चटणी झाली असती.

निगेटिव्ह वाळल्यावर आम्ही भिंग लावून बघितल्या. माझे बारा फोटो चकचकीत. चाकाची तार न् तार मोजता येतेय. आत्याचे सगळे बारा मऊ, लोण्यासारखे.

तिने भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत भिंग उचललं. मग म्हणाली, "तुझ्या वेळेला लेन्स जागेवर असेल. नंतर सरकली असेल. कुठेतरी सैल आहे."

असं होऊ शकतं का? होऊ शकत असेल. तिला माहीत.

आज चहाही बशीत ओतला तिने, कपाच्या शेजारी. रागावली की ती असं करते का, लक्ष ठेवायला हवं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बारा दिवस उरले.

आज वेगळी युक्ती केली. झाकण उघडं ठेवून आत्याला खिडकीला डोळा लावायला सांगितला आणि मी आतला बारीक स्क्रू फिरवत गेले. ती सांगत होती, "अजून. अजून. जरा मागे. थांब, हलू नकोस. अजून थोडं..." मान दुखायला लागली तेव्हा म्हणाली, "हां, आता जरा बरं आहे."

नंतर मी बघितलं तर माझ्या डोळ्याला दोन्ही चित्रं लांब, दोन शेजाऱ्यांसारखी. पण फोटो ती काढणार आहे. कॅमेरा तिच्या डोळ्याला बसला पाहिजे, माझ्या नाही. बरोबर ना? लिहिताना बरोबर वाटतंय. झोपायच्या आधी परत विचार करणार नाही.

सध्या ती पेपर वाचताना एक डोळा मिटते. फोटोग्राफरची सवय, किती भारी! मी पण प्रॅक्टिस करते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हे आत्याने वाचायचं नाही. खरंच नाही.

ती काल दिवसभर म्हणत होती, चौकोन धुरकट आहे, मधे कोणी बोट ठेवल्यासारखं वाटतं. आत एक तिरकी काच असते, अर्धा आरसा. त्याच्यावर हलका मुलामा असतो, तोच भूत दाखवतो. आत्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, त्या काचेवर फक्त हवा मारायची, कापूस लावायचा नाही.

मी आज कापूस लावला.

फक्त एकदा, अगदी हलकेच. तिला स्वच्छ दिसावं म्हणून. मुलामा कापसाबरोबर निघून आला, जुन्या टिकलीची चमकी निघते तसा. मी खिडकीतून बघितलं. पिवळा चौकोन गेला. भूतही गेलं. आता या कॅमेऱ्याने फोकस करता येणं शक्यच नाही.

मी झाकण लावून ठेवलं आणि जेवायला गेले. आई म्हणाली, तोंड का उतरलंय? मी म्हटलं, पेट्रोलच्या वासाने.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आत्या दोनदा खोलीत डोकावली. मी दोन्ही वेळा कॅमेरा मांडीवर घेऊन स्क्रू फिरवण्याचं नाटक केलं. सेक्रेटरींचा फोन आला होता, "सगळं ठीक ना?" आत्या म्हणाली, "माझी भाची बसली आहे ना हातात घेऊन, काळजी नको."

मी दार लावून घेतलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सांगून टाकलं. सकाळीच, चहाच्या आधी. वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडलीच. "तुला बजावलं होतं! एक गोष्ट सांगितली होती, एक!" मी रडत होते. मग तिने कॅमेरा घेतला, खिडकीला डोळा लावला आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली.

मग म्हणाली, "काही फरक नाही गं. तसाच दिसतोय."

"चौकोन दिसतोय?"

"जेवढा आधी दिसत होता तेवढाच. रडू नकोस आता."

माझं मन राखायला इतकं खोटं बोलली. मी तिच्या जागी असते तर मला असं जमलं नसतं. आता काहीही करून अर्धा आरसा मिळवायचाच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवायचं आहे. अक्षर गेलं खड्ड्यात.

चष्म्याच्या काकांकडे गेले. त्यांच्याकडे एक मोडकं तपासणीचं मशीन आहे, त्यात तशीच तिरकी काच असते. ते म्हणाले, देतो कापून. कापता कापता नेहमीप्रमाणे चौकशा. एवढ्या वेळा का उघडावा लागला? मी सगळं सांगितलं. आत्याला चौकट वाकडी दिसते, मला सरळ. तिचे फोटो मऊ, माझे स्वच्छ. मुलामा गेला तरी तिला तसाच दिसतो म्हणाली, बिचारी.

काकांनी काच खाली ठेवली.

"कुठल्या डोळ्याने बघते आत्या?"

"कॅमेऱ्यात? उजव्या. सगळे उजव्यानेच बघतात."

"आणि पेपर?"

"पेपर एक डोळा मिटून वाचते. ती फोटोग्राफरची..." मी थांबले.

"कुठला मिटते?"

मी तिथेच उभं राहून डोळे मिटून आत्या आठवली. सोफा, खिडकी, पेपर. उजवा.

काकांनी चौकोनी रेघांच्या वहीचं एक पान फाडलं, मधोमध पेनाने ठिपका काढला. "आज. आत्ताच जा. एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायला सांग, आणि रेघा कशा दिसतात ते विचार." तोपर्यंत मला वाटत होतं की ते चष्मा खपवायला बघतायत. मग ते म्हणाले, "काच मी घरी आणून देतो, तू थांबू नकोस," आणि मला कळलं की ते चष्मा खपवत नाहीयेत.

आत्या गॅलरीत बसली होती. मी पान पाटीला चिकटवलं आणि समोर धरलं.

"हे काय आता? शाळा?"

"आत्या, उजवा झाक."

झाकला. "हं. रेघा आहेत. ठिपका आहे. काय करू, पाढे म्हणू?"

"आता डावा झाक."

तिने डावा झाकला. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"पान चुरगळलंय," आत्या म्हणाली.

पान पाटीवर सपाट होतं. मी वरून बोट फिरवून बघितलं, तरी सपाटच.

"ठिपका कुठे गेला?" ती म्हणाली. मग तिने डाव्या डोळ्यावरचा हात काढला. परत ठेवला. परत काढला. आणि माझ्याकडे न बघता अगदी हळू म्हणाली, "म्हणजे कॅमेऱ्याला काही झालंच नव्हतं."

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल रविवार, दवाखाना बंद. कालचा दिवस लिहीत नाही.

आज डॉक्टरांनी औषध घालून डोळा तपासला, मशीनवर फोटो काढले. डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली पाणी झिरपतंय. पडदा मधेच उचलला गेलाय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते आणि मधलं पुसलं जातं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळं सांभाळून घेतो, माणसाला पत्ताच लागत नाही. एक डोळा मिटला तरच कळतं.

आणि आत्या नुसत्या उजव्या डोळ्याने बघायची ते फक्त कॅमेऱ्यात. एवढंच. पेपर वाचताना मिटायची तो बरोबर वाईटच डोळा. तिच्या डोळ्याला आमच्या आधी कळलं होतं.

"पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दहा तारखेला," आत्या म्हणाली. "पण मला वाटलं कॅमेरा..."

"दोन आठवडे." डॉक्टर लिहीत होत्या. "या आजारात दोन आठवडे खूप असतात. इंजेक्शनने गळती थांबेल. जे गेलंय त्यातलं किती परत येईल ते आज सांगत नाही."

मी तिच्याशेजारी बसून स्क्रू मोजले मनात. दहा तारखेला "मला जुळतंय" म्हणाले होते. पुन्हा म्हटलं असतं तर? बाराच्या बारा मऊ निघाले, तेव्हा म्हटलं असतं तर? मी कॅमेरा अकरा वेळा उघडला. तिच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मला म्हणाले, "तू उघडत बसली नसतीस तर अजूनही कळलं नसतं." चांगलं म्हणाले. पण मला ते लागू होत नाही, किंवा अजून तरी होत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

इंजेक्शन झालं. डोळ्यात. आत्या बाहेर आली तेव्हा मी विचारलं, दुखलं? म्हणाली, "तुझ्या स्क्रू ड्रायव्हरपेक्षा कमी."

संध्याकाळी तिने मला सेक्रेटरींना फोन करायला सांगितला, काम नाही जमणार म्हणून. मी नंबर लावला नाही. तिने विचारलं, लागला का? मी म्हटलं, लागत नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी जाणूनबुजून खोटं बोलले. (अठरा-एकोणीस तारीख सोडून.)

२५ फेब्रुवारी, बुधवार

काकांनी काच आणून दिली होती, ती बसवली. मग तिच्या उजव्या डोळ्यासाठी फिरवलेला स्क्रू परत आणायचा होता. कुठे आणायचा? मी स्वतःच ठरवलं. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं, फिल्मच्या जागी दुधी, अर्धपारदर्शक टेप ताणून लावली, शटर उघडं ठेवलं. टेपवर पाण्याची टाकी उलटी दिसते, खरीखुरी, जशी फिल्मला दिसेल तशी. भिंगातून बघत रिंग फिरवून ती स्पष्ट केली आणि मग तो स्क्रू फिरवून खिडकीतलं भूत टाकीवर आणून बसवलं. चार वेळा केलं. चारही वेळा तेच आलं.

आत्या दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

"मी बघू?"

तोंडातून निघालं, "नको."

ती हसली. मग म्हणाली, "बरोबर आहे. मला दाखवून पक्कं करू नकोस आता. कधीच." आणि आत गेली. ते हसणं बरं नव्हतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांना फोन केला. धुळीत जायचं तर मोठा चष्मा, डोळा चोळायचा नाही, बाकी हरकत नाही. आत्या म्हणाली, हरकत नाही ती त्यांची. माझी आहे. "मी आता अंदाजाने फोटो काढू? परवा पाडायच्या इमारतीचे?"

आई इतका वेळ भाजी निवडत होती. ती म्हणाली, "ताई, तुमचा दुसरा डोळा काय शोभेला आहे का?"

मग आत्याने कॅमेरा मागितला. डाव्या डोळ्याला लावला तर नाक मागच्या दारावर चेपलं आणि फिल्म ओढायचा खटका कपाळात घुसला.

"हा डावऱ्यांचा शत्रू आहे," ती म्हणाली. पण खाली ठेवला नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालयात नऊला पोचलो. पुस्तकं गेली आहेत, कपाटं आहेत. रिकामी कपाटं इतकी सरळ असतात हे मला माहीत नव्हतं. छतापर्यंत उभ्या-आडव्या रेघा, जिकडे बघावं तिकडे चौकोन. आत्या दारातच थांबली. मला कळलं ती काय करतेय. ती चष्म्याआड एकेक डोळा मिटून बघत होती.

"उजव्याने?"

"सगळ्या रेघा दारू प्यायल्या आहेत," ती म्हणाली. "चल."

वाचायच्या खोलीत स्टँड लावला. तिने डावा डोळा लावला. तो डोळा कधी या कामाला बसलेला नाही, लगेच पाणी यायला लागलं. रिंग फिरवली. मागे. पुढे. अगदी थोडी मागे. मग तिने हात काढून घेतला, जणू कोणी चटका दिला.

"मला कळत नाहीये. जुळलं असं वाटतंय. पण मला इतके दिवस काय काय वाटत होतं. तू बघ."

सेक्रेटरी मागे उभे होते. त्यांना यातलं काही माहीत नाही, ते छताकडे बघत होते.

मी वाकले. खिडकी, पिवळा चौकोन, त्यात समोरच्या कपाटाची कड. एकच कड. भूत नाही. मी श्वास रोखून परत बघितलं, कारण मलाही इतके दिवस काय काय वाटत होतं. एकच कड, ब्लेडने कापल्यासारखी.

मी बाजूला झाले.

"बरोबर आहे."

"तू नीट केलंस ना?"

"नाही. तू लावलंस तसंच आहे."

"रिंग हलवली नाहीस?"

"हात पण लावला नाही, आत्या."

ती माझ्याकडे बघत राहिली, दोन्ही डोळ्यांनी. मग वाकली, नाक चेपलं, आणि बटण दाबलं.